कंपनीचं कुटुंब केल्याचे भोग

मुक्काम ब्राह्मणपुरी, तालुका शहादा
मंगळवार (तारीख फुईच्या कॅलेंडरवर बघून घ्यावी)

तीर्थरूप चुनीलाल फुवा यांना,

लांबूनच नमस्कार. लांबूनच अशासाठी, की दोन्ही हातांना मिरची लागलेली आहे, आणि अशा हातांनी वडीलधाऱ्यांचे पाय धरले तर आशीर्वादाऐवजी भलतंच ऐकावं लागतं, हा अनुभव मी आबांच्या पायांवर घेतला आहे. तुमची ॲसिडिटी कशी आहे? फुईचे गुडघे धडगावच्या थंडीत काय म्हणतात? आबा म्हणतात, एकुलती एक बहीण डोंगरात दिली तिथंच चुकलं (हे ते दर हिवाळ्यात म्हणतात, तुम्ही मनावर घेऊ नका, तुमचा राग त्यांना फक्त थंडीत येतो). इकडे सर्व क्षेम. म्हैस व्यायली, रेडा झाला, घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. तुमच्या हितेशला काय लिहावं ते सुचत नाही. आशीर्वाद लिहावा तर तो माझ्याहून मोठा, नमस्कार लिहावा तर हात वळत नाही. 'नवनीतनं आठवण काढली' एवढंच सांगा.

मोबाईल असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फुवा, फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता, 'नवनीत, डोकं शांत ठेव' म्हणता आणि फोन फुईकडे देता. फुई तो म्हशीच्या चौकशीसाठी आईकडे द्यायला लावते. व्हॉट्सॲपवर मी काहीही लिहिलं तरी तुमच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र येतं, मग मी आनंदाची बातमी कळवलेली असो की जीव द्यायची धमकी. म्हणून शहाद्याहून धडगावला जीप भरतो त्या जामसिंगच्या हाती हे पाकीट देतो आहे. ते तुमच्याच हातात द्यायचं, फुईच्या नाही, असं त्याला बजावलं आहे. कारण पुढे येईल, जरा उशिरा येईल.

आता तक्रार. तक्रार तुमच्याविरुद्धच आहे, पण आदर ठेवून लिहितो. दिवाळीला तुम्ही आमच्या ओट्यावर बसून, तिसरी चकली खाता खाता मला सांगितलंत की नवनीत, माणसं पगारावर टिकत नाहीत, मानावर टिकतात. हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलंत मला माहीत नाही. सरकारी कचेरीत तर नक्कीच नाही, तिथली माणसं कशानंही टिकतात. पण ते माझ्या डोक्यात बसलं, आणि माझ्या डोक्यात काही बसलं की ते बाहेर काढायला तुम्हालाच बोलावतात, म्हणून हे सगळं तुम्हाला कळायला हवं.

मी लोणखेड्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, त्याची घरात तीन कारणं चालू आहेत. आबा म्हणतात डोकं कमी, आई म्हणते नजर लागली, तुम्ही म्हणता सरांशी भांडलो. खरं कारण चौथं आहे. ममता तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गेली आणि नंदुरबारला वडिलांच्या पथारीवर वजनकाट्यापाशी बसायला लागली. ज्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिची स्कूटी नाही तिथे मी कुणासाठी शिकायचं? (ती माझ्या एक वर्ष पुढे होती हे खरं, पण वयानं आम्ही बरोबरीचे आहोत. मी अकरावीत दोनदा बसलो होतो. फुई विचारेल म्हणून आधीच लिहिलं.) पथारी म्हणजे काय ते तुम्ही डोंगरात राहता म्हणून सांगतो: गावाबाहेरची मोकळी जमीन, तिच्यावर ओली लाल मिरची अंथरून वाळवायची, उलटवायची, देठं खुडायची, पोती भरायची. लांबून बघितलं तर लग्नाचा गालिचा, जवळ गेलं तर शिंका. ममताच्या वडिलांची, बन्सीलालशेठची, तिथे मोठी पथारी. मी आबांच्या मागे लागून त्यांच्या शेजारचीच जमीन भाड्यानं घेतली आणि धंदा सुरू केला. शेजारचीच का, असं आबांनी विचारलं. मी म्हणालो, तिथे ऊन चांगलं पडतं. ते खोटं नव्हतं.

पहिल्या महिन्यात मी बन्सीलालशेठना सरळ जाऊन ममताला मागणी घातली. अशा कामात मध्यस्थ घालायचा असतो हे मला कळतं, पण मध्यस्थ फार हळू बोलतात. शेठ रागावले नाहीत. पान लावत होते, तसेच लावत राहिले आणि म्हणाले, "ज्याना पथारीवर मजूर टिकत नही, त्याना घरमा मन्ही पोर कशी टिकी?" मग म्हणाले, हंगाम संपेपर्यंत तुझी माणसं टिकवून दाखव, मग बोलू. बोलणं कडू होतं पण खोटं नव्हतं. माझी पहिली टोळी तिनं मिरची उशिरा उलटवली म्हणून मी हाकलली होती, दुसरी मी ओरडत असताना हसली म्हणून. म्हणजे माझा संसार आता देठं खुडणाऱ्या बायांच्या हातात होता, आणि ही गोष्ट त्यांना न कळू देता त्यांना थांबवायचं होतं.

त्यात तुमचं ते मानाचं वाक्य. शिवाय नंदुरबारला एका हॉलमध्ये एक कोटवाले सर आले होते, 'मालक नको, लीडर व्हा' असं व्याख्यान होतं, तिथे मी पहिल्या रांगेत बसलो. सर म्हणाले, रोज सकाळी कर्मचाऱ्यांना विचारा की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. मी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या टोळीला उभं करून विचारलं. बायांमध्ये मोठी धनुबाई आहे. तिनं तोंडावरचा फडका बाजूला केला आणि म्हणाली, "पाच वरीसनं ऱ्हाऊ दे भाऊ, आज दुपारले सावली कोठे ऱ्हाई ते सांग." मी तापलोच होतो, पण सरांनी सांगितलं होतं की लीडर दहा आकडे मोजतो. मोजले, आणि सावलीसाठी ताडपत्री बांधून दिली. ती सगळ्यांना फार आवडली. मला वाटलं, जमतंय.

सरांचं शेवटचं सूत्र होतं: कर्मचाऱ्यांना सांगा की आपण सगळे एक कुटुंब आहोत. फुवा, हे सर पुण्याकडचे असावेत. तिकडे कुटुंब म्हणजे दोन माणसं आणि एक कुत्रं असतं असं ऐकतो. आपल्याकडे कुटुंब म्हणजे काय ते सरांना माहीत असतं तर त्यांनी ते वाक्य बोलण्याआधी वकील गाठला असता. मी मात्र पोत्यांच्या थप्पीवर चढून, घसा फोडून सांगितलं, आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. आणि तुमचं मानाचं वाक्य लक्षात ठेवून पुरुष माणसांना तिथंच टॉवेल-टोपी दिली.

पहिली टोपी मी फकीरभाईंना दिली, कारण ते जवळ उभे होते. फकीरभाई सुतळीनं पोती शिवतात, नंदुरबारचे जुने, फार अदबीचा माणूस. डोक्यावर त्यांची स्वतःची जाळीची टोपी होती, तिच्यावर त्यांनी माझी पांढरी टोपी चढवली आणि मान म्हणून संध्याकाळपर्यंत दोन्ही टोप्या तशाच ठेवल्या. पण मिरची उलटवणारा दोधू वयानं सगळ्यांत मोठा. त्यानं आपली टोपी घेतली नाही. निंबाखाली गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. विचारलं तर एवढंच, "मन्हा मान गया." काल दोधू मजूर होता, त्याला टोपी पहिली मिळाली काय आणि शेवटची काय. आज तो कुटुंबातला थोरला काका होता. लग्नात रुसतात तसा, पूर्ण विधीनं रुसला होता. फकीरभाई मनवायला गेले, धनुबाई चहा घेऊन गेली, शेवटी मीच गेलो. टोपी पुन्हा दिली, या वेळी आधी, म्हणजे सगळ्यांच्या काढून घेऊन पुन्हा वाटल्या. तेवढा वेळ मिरची एका अंगावर भाजत पडली होती.

तिथून पुढे बघा. कुटुंबात रजा मागत नाहीत, सांगतात. दोधूच्या बहिणीची सासू वारली तर दारावर जायला सगळी पथारी निघाली, माझ्याच टेम्पोत, आणि घरचा कर्ता म्हणून पुढच्या सीटवर मी. त्या म्हातारीला मी जिवंतपणी बघितलं नव्हतं. तिच्या अंगणात मांडी घालून बसलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि माझी मिरची उघड्यावर होती, त्यामुळे माझा चेहरा असा काही पडला होता की म्हातारीच्या मुलानंच माझं सांत्वन केलं. (पाऊस आला नाही. ममतानं आपली माणसं पाठवून माझी मिरची झाकून ठेवली होती. हे मी नंतर तीनदा लोकांना विचारून खात्री करून घेतलं, ऐकायला बरं वाटतं म्हणून.)

सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्या रागाची पत गेली. पूर्वी मी ओरडलो की माणूस घाबरायचा. आता ओरडलो की धनुबाई म्हणते, "भाऊले भूक लागनी व्हई," आणि डब्यातली अर्धी भाकर पुढे करते. एकदा मी दोधूला कामावरून काढून टाकलं, अगदी बोट दाखवून. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर हजर. मी म्हणालो, तुला काढलंय. तो शांतपणे म्हणाला, "काकाले कोनी काढी टाकस का?" याच्यावर कोटवाल्या सरांकडे काही उत्तर आहे का ते विचारायला मी फोन केला. त्यांच्या माणसानं मला पुढच्या वर्गाची फी सांगितली.

पण फुवा, खोटं कशाला बोलू, माणसं टिकली. हंगाम उतरायला लागला, शेजारच्या पथाऱ्यांवरून टोळ्या फुटून गेल्या, माझ्याकडून एक माणूस हलला नाही. उलट धनुबाईनं आपल्या दोन भाचसुना आणल्या, त्याही न विचारता. म्हणजे बन्सीलालशेठची अट पुरी झाली. आता फक्त ते त्यांनी सगळ्यांसमोर कबूल करायचं बाकी होतं. म्हणून मी हंगामाच्या शेवटी कर्मचारी सन्मान सोहळा ठेवला. अध्यक्ष शेठ, प्रमुख पाहुण्या ममता. बायांना काय द्यावं असं धनुबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "बहिणीसले काय देतस? साडी दे."

आणि इथे, फुवा, मी हुशारी केली. जन्मात पहिल्यांदा डोकं शांत ठेवून केलेली गोष्ट, आणि तिनंच माझा घात केला. माझ्या मनात आलं, ममताला साडी देण्याची इतकी सुरक्षित जागा पुन्हा मिळणार नाही. बायांच्या रांगेत तिचीही एक साडी, कुणाच्या लक्षात येणार नाही, फक्त तिला कळेल. बायांना एकसारख्या जांभळ्या घेतल्या. ममताला मोरपंखी, काठाला बारीक जर, दुकानदारानं माझ्याकडे बघून घडी न उलगडताच पॅक केली इतकी चांगली.

सोहळ्याला पहिली साडी धनुबाईनं घेतली. घेतली ती घेतली, आणि कमरेला खोचलेली कुंकवाची पुडी काढून मला टिळा लावला, कानशिलावर बोटं मोडली. बहिणीची रीत आहे, भावानं साडी दिली तर ती असंच करणार. मग दुसरीनं, तिसरीनं. कुणीतरी ताट आणलं, कापूर पेटला, बाया गाणं म्हणायला लागल्या. माझ्या कपाळावर कुंकवाचा थर चढत होता आणि मी खुळ्यासारखा हसत होतो, लीडर झालो म्हणून. रांग संपली आणि मी मोरपंखी साडी घेऊन ममतासमोर उभा राहिलो, तेव्हा धनुबाईनं ते ताट सरळ ममताच्या हातात दिलं.

ममतानं ताटाकडे बघितलं, साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते बघणं मी इथे लिहीत नाही. सगळी पथारी वाट बघत होती, तिचा बापही. तिनं टिळा लावला. बरोबर मधोमध लावला.

आणि बन्सीलालशेठ खुर्चीवरून उठले. डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले की मला मुलगा नव्हता, आज गावासमोर देवानं दिला. टाळ्या सगळ्यांत जास्त माझ्याच कुटुंबानं वाजवल्या. शेठ व्यापारी माणूस आहेत. डोळे पुसता पुसता रुमालाच्या कडेनं ते माझा चेहरा तोलत होते, ओल्या मिरचीत पाणी किती ते बघतात तसा. अट पाळायची वेळ आली त्याच दिवशी मी माझ्या हातानं त्यांना सुटका करून दिली, तीही जरीच्या काठाची.

मी तिथंच माइक ओढून भांडणार होतो. दोधूनं दंड धरला आणि म्हणाला, घरातलं घरात बोलू. घरात म्हणजे कुठे, ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काट्यापाशी गेलो. ममता पोत्यांची वजनं घेत होती. मान वर न करता म्हणाली, "साडी चांगली शे. रंग कोनी निवडा?" मी म्हणालो, मी. "मंग भाऊबीजले काय देशी?" तिनं आणखी तीन पोती तोलली. मग हळू म्हणाली की वडील स्थळं बघायला निघालेत आणि भाऊ म्हणून तुला बरोबर नेणार आहेत, म्हणजे गाठ पक्की बसेल. तर जा. भाऊ झालास ना, मग भावाला मुलगा नापसंत करायचा हक्क असतो, तो वापर. आणि हो, न ओरडता. फुवा, लीडर कशाला म्हणतात ते मला त्या काट्यापाशी कळलं. ना कोट, ना माइक, आणि माणूस दुसऱ्या मिनिटाला कामाला लागतो.

तेव्हापासून मी कामाला आहे. तळोद्याचा मुलगा औषधाच्या दुकानाचा मालक होता. परतीच्या वाटेवर मी शेठना अगदी मऊ आवाजात सांगितलं की चहा देताना त्याचा हात थरथरतो, औषध मोजताना काय होत असेल (हात थरथरत होता, कारण मी त्याच्याकडे एकटक बघत होतो). नवापूरच्या मुलात काहीच खोट नव्हती, तेव्हा मी म्हणालो की इतकी निर्मळ माणसं मला संशयास्पद वाटतात. शेठनी दात खाल्ले, पण करतात काय, गावासमोर भाऊ केल्यावर भावाचा शब्द टाळता येत नाही. तेही आता कुटुंबात अडकले आहेत. आणि मी दोन्ही ठिकाणी एकदाही आवाज चढवला नाही, हे तुम्ही आबांना सांगा, माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

बाकी काही विशेष नाही. फुईला मिरची पाठवतो आहे, देठं खुडलेली आहे, घरच्याच माणसांनी. थंडीत जपा.

तुमचा, आणि सध्या पुष्कळ लोकांचा,
नवनीत

ता. क. खरी गोष्ट लिहायची राहून गेली. येत्या रविवारी बन्सीलालशेठ तिसरं स्थळ बघायला धडगावला येत आहेत, ते तुमच्याकडे. मुलगा म्हणजे आपला हितेश. तुम्हाला हे आठवड्यापूर्वीच कळलं असणार, आणि मुलीचा भाऊ म्हणून कोण येणार आहे तेवढं शेठनी तुम्हाला सांगितलेलं नसणार. पत्र फुईच्या हाती पडू नये ते यासाठी, तिला सरकारी नोकरीवाल्या मुलासाठी पदवीधर सून हवी आहे. आता तुम्ही कचेरीत इतकी वर्षं प्रकरणं निकाली काढलीत, हेही काढा. साडीनं मी ममताचा भाऊ होतो असं धरलं, तर हितेश माझा आतेभाऊ, म्हणजे तिचाही आतेभाऊच, आणि आपल्या घरात आते-मामे भावंडांची लग्नं लावत नाहीत. साडीनं भाऊ होत नाही असं धरलं (साडी कंपनीच्या खर्चात टाकली आहे, तेव्हा भाऊ कुणी झालंच असेल तर ती कंपनी झाली), तर मी मोकळा आहे आणि माझी मागणी हितेशच्या आधीची आहे. तुम्ही कोणताही निकाल द्या, मला चालेल. फक्त तो तुमच्या तोंडून येऊ द्या, म्हणजे मला हितेशमध्ये खोट काढावी लागणार नाही. लहानपणी त्यानं मला पोहायला शिकवलं होतं, ते मध्ये येतं.

ता. क. दुसरा. एवढं करवत नसेल तर निदान माझा मान ठेवू नका. बसा म्हणू नका, चहा सगळ्यात शेवटी द्या, थंड द्या. रुसायला काहीतरी कारण लागतं, आणि विनाकारण रुसलो तर ममता म्हणेल की डोकं फिरलं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कळलं की रविवारी ममताही बरोबर येते आहे. घाट बघायचा आहे म्हणाली. घाट इतकी वर्षं तिथंच आहे, तळोद्याला आणि नवापूरला जाताना तिला काही बघायचं नव्हतं. मी विचारलं नाही, न ओरडता विचारता आलं नसतं. फुवा, मानाचं आणि निकालाचं तुमचं तुम्ही बघा. तेवढं हितेशला रविवारी दाढी करू देऊ नका.